व्हीएम हलवली आणि ती बूट होईना: आधी कुठे अडलंय ते पाहा

रिस्टोअर १०० टक्के पूर्ण झाल्याची हिरवी खूण दिसते. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, 'स्टार्ट' दाबतो, आणि काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात कर्सर नुसता लुकलुकत बसतो. कधी 'नो बूटेबल डिव्हाइस' असं उमटतं, कधी विंडोजचा निळा पडदा येतो, कधी लिनक्स अर्ध्या वाटेत थांबून रूटचा पासवर्ड मागतं. बॅकअप सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र काम फत्ते झालेलं असतं.

एका हायपरव्हायझरवरून (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून) दुसऱ्यावर पाच-पंचवीस व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, हलवल्या की त्यातल्या काही अशा हमखास अडतात. आणि अडल्या की बहुतेकजण एकच गोष्ट करतात: रेस्क्यू आयएसओ (दुरुस्तीसाठीची बूट होणारी सीडी-फाइल) लावायची आणि बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम, पुन्हा बसवायचा. मीही ते केलंय. एकदा एका डेटाबेस सर्व्हरवर ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) तीनदा बसवला, तीनदा 'इन्स्टॉलेशन फिनिश्ड, नो एरर रिपोर्टेड' असं उत्तर मिळालं, आणि तिन्ही वेळा मशीन जिथल्या तिथे. मूळ मशीन बायोस या जुन्या फर्मवेअरवर (मशीन सुरू होताच चालणाऱ्या पहिल्या सॉफ्टवेअरवर) बूट होत होतं आणि नवी व्हीएम तयार करताना मी त्याचा नवा प्रकार, यूईएफआय, निवडला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की आहे. मायग्रेशननंतर न बूट होणाऱ्या व्हीएमची डिस्क बहुतेक वेळा धडधाकट असते. प्रवास फक्त डिस्कने केलेला असतो, मशीनने नाही. फर्मवेअरचा प्रकार, त्याच्या एनव्हीरॅम या कायमस्वरूपी मेमरीतल्या बूटच्या नोंदी, डिस्क कंट्रोलर, सीपीयूचं मॉडेल, व्हर्च्युअल टीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी चिप), नेटवर्क कार्ड हे सगळं डिस्कच्या बाहेर असतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिम मात्र त्या जुन्या शेजाराला सरावलेली असते. म्हणून डिस्कच्या आत हात घालण्याआधी बाहेर काय बदललं ते पाहायचं.

हात लावण्याआधी

रिस्टोअर झालेल्या डिस्कचा स्नॅपशॉट (परत फिरता येईल अशी त्या क्षणाची नोंद) घ्या. दुरुस्तीच्या नादात आपण जे बिघडवतो ते मूळ बिघाडापेक्षा जास्त महागात पडतं, आणि रिस्टोअर पुन्हा चालवायला अनेक तास लागू शकतात.

मग फाइल पूर्ण आली आहे का, ते बघा. व्हीएमवेअरच्या डिस्कला दोन फाइली असतात: एक काही ओळींची वर्णन-फाइल आणि एक खरा डेटा असलेली 'फ्लॅट' फाइल. पहिलीच उचलून नेली तर नेलं काहीच नाही. मूळ व्हीएमवर स्नॅपशॉट असेल तर शेवटच्या, फक्त नंतरचे बदल साठवणाऱ्या डेल्टा फाइलला तिच्या मागची साखळी लागते. क्यूएमयू या एम्युलेटरच्या क्यूकाउ२ प्रकारच्या डिस्कलाही बॅकिंग फाइल, म्हणजे मागची मूळ फाइल, असू शकते. क्यूएमयू-आयएमजीचा 'इन्फो' पर्याय बॅकिंग चेनसह चालवला की साखळी कुठे तुटली ते दिसतं, आणि 'चेक' पर्याय क्यूकाउ२ची आतली मांडणी तपासतो. ही तपासणी मिनिटभराची आहे. ती टाळून लोक अर्धवट कॉपी झालेल्या डिस्कवर एफएसचेक (फाइलसिस्टिम दुरुस्त करणारी कमांड) चालवतात आणि मग डेटा खरोखरच जातो.

एक सापळा खास सांगायला हवा. अडलेली डिस्क दुसऱ्या चालू मशीनला जोडून आत डोकावणं हा चांगला मार्ग आहे, पण ते दुसरं मशीन त्याच टेम्प्लेटमधून क्लोन केलेलं नसावं. तसं असेल तर दोन्ही डिस्कवर एकच यूयूआयडी (ओळख क्रमांक) असतो. एक्सएफएस ही लिनक्सची फाइलसिस्टिम 'डुप्लिकेट यूयूआयडी' म्हणून माउंट करायला नकार देतं. त्यावर 'नोयूयूआयडी' हा माउंटचा पर्याय आहे. एलव्हीएमला (डिस्कचे व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या लिनक्सच्या भागाला) दोन सारख्या नावांचे व्हॉल्यूम ग्रुप दिसले की तेही गडबडतं. विंडोजमध्ये याहून वाईट: सारखी सिग्नेचर असलेली दुसरी डिस्क ऑफलाइन राहते, आणि आपण तिला ऑनलाइन केली की विंडोज तिची सिग्नेचर बदलून टाकतं. बायोसवर बूट होणारी डिस्क असेल तर तिच्या बूट नोंदी त्याच सिग्नेचरवर अवलंबून असतात. म्हणजे जे ठीक होतं तेही गेलं. तपासणीसाठी वेगळ्याच वाणाचं मशीन किंवा साधी लाइव्ह आयएसओ वापरा.

पडदा काय सांगतो

बूट ही रांग आहे. फर्मवेअर बूटलोडरला शोधतं, बूटलोडर कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची पेटी) मेमरीत आणतो, कर्नल रूट डिस्क शोधतो, मग बाकीच्या सेवा उठतात. कुठल्या टप्प्यावर थांबलं ते शेवटच्या ओळीवरून कळतं, आणि त्याच्या आधीचे सगळे टप्पे निर्दोष धरायचे. ग्रबचा मेनू दिसतोय, म्हणजे फर्मवेअर आणि बूटलोडर यांनी आपापली कामं केली आहेत. तिथे ग्रब पुन्हा बसवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

'नो बूटेबल डिव्हाइस', यूईएफआय शेल, किंवा मशीन थेट नेटवर्कवरून पीएक्सई बूट करायला धावतंय: अडचण फर्मवेअरपाशी आहे. 'ग्रब रेस्क्यू' असा प्रॉम्प्ट: ग्रबचा पहिला तुकडा सापडला, पण त्याला त्याचं बाकीचं सामान सापडत नाही. डिस्कचा क्रम बदलला असेल किंवा बूट पार्टिशन असलेली दुसरी डिस्क जोडायची राहिली असेल. मेनूनंतर ड्रॅकटचा (इनिटरॅमएफएस बनवणाऱ्या साधनाचा) इमर्जन्सी शेल किंवा इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट: कर्नल उठला, त्याला डिस्क दिसत नाही. विंडोजचा 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस', म्हणजे जुन्या भाषेत स्टॉप ७बी: हेच दुखणं, दुसऱ्या घरातलं. 'गिव्ह रूट पासवर्ड फॉर मेंटेनन्स': रूट डिस्क मिळाली, दुसरंच काहीतरी माउंट झालं नाही.

आणि एक फसवा प्रकार. 'बूटिंग फ्रॉम हार्ड डिस्क' एवढं लिहून पडदा गप्प. क्लाउडसाठी बनवलेल्या कित्येक इमेजमध्ये कर्नलचा सगळा आवाज सीरियल पोर्टकडे वळवलेला असतो. पडद्यावर शुकशुकाट असतो आणि मशीन आत मजेत चालू असतं. अशा मशीनला मी एकदा चांगला तासभर मेलेलं समजत होतो. व्हीएमला सीरियल पोर्ट जोडा आणि सीरियल कन्सोल उघडा. जे काही अडलंय तेही तिथेच लिहिलेलं सापडेल.

फर्मवेअर: बायोस की यूईएफआय

मूळ व्हीएमची सेटिंग बघायला मिळत असेल तर प्रश्नच नाही. ती नष्ट झाली असेल तर डिस्कलाच विचारा. लाइव्ह आयएसओवरून पार्टिशनची यादी काढा. 'ईएफआय सिस्टिम' प्रकारचं फॅट३२ पार्टिशन असेल तर मशीन बहुधा यूईएफआयचं. एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची डिस्क आणि असं पार्टिशन नाही, किंवा जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कवर १ एमबीचं 'बायोस बूट' पार्टिशन आहे, तर बायोस. दोन्ही असतील तर, क्लाउड इमेजमध्ये असं असतं, दोन्ही चालतील.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये हीच गोष्ट जनरेशनच्या नावाने येते. जनरेशन १ म्हणजे बायोस, आणि त्यात बूट डिस्क आयडीई कंट्रोलरवरच हवी. जनरेशन २ म्हणजे यूईएफआय, बूट स्कझीवरून. व्हीएम तयार झाल्यावर जनरेशन बदलता येत नाही. चुकलं असेल तर नवी व्हीएम करून तीच डिस्क तिला जोडायची, डिस्कला काही होत नाही. जनरेशन २वर लिनक्स असेल आणि सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू असेल, तर टेम्प्लेट 'मायक्रोसॉफ्ट विंडोज'ऐवजी 'मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सर्टिफिकेट ऑथॉरिटी' निवडावा लागतो. निदान होईपर्यंत सिक्युअर बूट सरळ बंद ठेवावा, असं माझं मत. एका वेळी एकच संशयित.

फर्मवेअरचा प्रकार बरोबर आहे आणि तरीही यूईएफआय बूट होत नाही, तेव्हा बहुतेक एनव्हीरॅम हरवलेलं असतं. 'या डिस्कवरच्या या फाइलपासून सुरुवात कर' ही नोंद यूईएफआय एनव्हीरॅममध्ये ठेवतं, आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये ते एनव्हीरॅम म्हणजे वेगळी फाइल असते. व्हीएमवेअरमध्ये डॉट एनव्हीरॅम, लिनक्सवरच्या लिबव्हर्टमध्ये नावात 'व्हार्स' असलेली फाइल, प्रॉक्समॉक्स या हायपरव्हायझरमध्ये छोटी ईएफआय डिस्क. नव्या व्हीएमला कोरं एनव्हीरॅम मिळतं. नोंद सापडली नाही की फर्मवेअर शेवटचा उपाय म्हणून ईएफआय पार्टिशनवरच्या 'ईएफआय' फोल्डरातल्या 'बूट' फोल्डरात 'बूटएक्स६४ डॉट ईएफआय' ही फाइल शोधतं.

रेड हॅट लिनक्सच्या कुळात तिथे शिम (ग्रबला उठवणारा, स्वाक्षरी असलेला छोटा प्रोग्राम) असतो, सोबत हरवलेली नोंद पुन्हा तयार करणारा छोटा प्रोग्रामही असतो, त्यामुळे ती मशीन सहसा आपोआप सावरतात. विंडोजही तिथे आपली प्रत ठेवतं. डेबियन मात्र साध्या इन्स्टॉलमध्ये ठेवत नाही, म्हणून रिस्टोअरनंतर यूईएफआय शेलमध्ये बसलेली व्हीएम दिसली की माझा पहिला संशय डेबियनवर जातो.

तात्पुरता उपाय सोपा आहे. सुरू होताना एस्केप दाबून फर्मवेअरच्या मेनूत जा, 'बूट मेंटेनन्स मॅनेजर' उघडा, 'बूट फ्रॉम फाइल' निवडा आणि ईएफआय पार्टिशनमध्ये डेबियनच्या फोल्डरातला शिम किंवा ग्रब निवडा. मशीन उठेल. पण इथे थांबलात तर पुढच्या रिस्टोअरला हेच पुन्हा भोगाल. उठलेल्या मशीनवर ग्रबच्या ईएफआय पॅकेजवर डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही कमांड चालवा आणि 'रिमूव्हेबल मीडिया पाथ'वरही बसवायचं का या प्रश्नाला हो म्हणा. त्यानंतर ही डिस्क एनव्हीरॅमशिवायही बूट होते.

विंडोजमध्ये बूट फाइली खरोखरच गेल्या असतील, तर रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून डिस्कपार्टने ईएफआय पार्टिशनला एखादं अक्षर द्या आणि बीसीडीबूट कमांडला विंडोजचं फोल्डर, ते अक्षर आणि यूईएफआय हा प्रकार सांगा. लोक सवयीने बूटरेकचा 'फिक्सबूट' पर्याय चालवतात आणि 'ॲक्सेस इज डिनाइड' पाहून हबकतात. यूईएफआय मशीनवर त्याच्या नादी लागूच नका, बीसीडीबूट तेच काम नीट करतं. रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, आधी डीआयआर करून विंडोज नेमकं कुठल्या अक्षरावर आहे ते बघा.

विंडोज आणि स्टॉप ७बी

मायग्रेशनमधली ही सगळ्यांत जास्त भेटणारी अडचण, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

विंडोज सुरू होताना सगळे ड्रायव्हर लोड करत बसत नाही. ज्यांची 'स्टार्ट' ही किंमत रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) ० आहे तेवढेच बूटच्या वेळी येतात. ज्या कंट्रोलरची कधी गाठच पडली नाही, त्याचा ड्रायव्हर एकतर नसतो किंवा असूनही झोपलेला असतो. व्हीएमवेअरच्या एलएसआय कंट्रोलरवर आयुष्य काढलेलं विंडोज क्यूएमयूच्या व्हर्टआयओ कंट्रोलरवर आणून ठेवलं की त्याला स्वतःचीच सी ड्राइव्ह सापडत नाही.

सगळ्यांत कमी कष्टाचा मार्ग: डिस्क तात्पुरती साटा किंवा आयडीईवर लावा. बहुतेक वेळा विंडोज उठतं, कारण ते ड्रायव्हर त्याच्यासोबतच येतात. क्यूएमयू व्हीएमवेअरचा पीव्हीस्कझी कंट्रोलरही एम्युलेट करतं, तेव्हा मूळ मशीन पीव्हीस्कझीवर असेल तर पहिल्या बूटला तोच द्या. मशीन उठल्यावर व्हर्टआयओचे ड्रायव्हर बसवा, आणि मग लगेच बूट डिस्क बदलू नका. नुसतं ड्रायव्हर बसवणं पुरत नाही, विंडोजने तो कंट्रोलर एकदा डोळ्यांनी पाहायला हवा. १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, विंडोजला ती डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसू द्या, मशीन बंद करा, रिकामी डिस्क काढा आणि बूट डिस्क व्हर्टआयओवर न्या.

इथे एक बारीक घोटाळा होतो. व्हर्टआयओ ब्लॉक आणि व्हर्टआयओ स्कझी हे दोन वेगळे कंट्रोलर आहेत. पहिल्याचा ड्रायव्हर व्हायोस्टॉर, दुसऱ्याचा व्हायोस्कझी. रिकामी डिस्क एकावर आणि बूट डिस्क दुसऱ्यावर लावली की निळा पडदा परत हजर.

दुसरी युक्ती सेफ मोडची. साटावर उठलेल्या विंडोजमध्ये ड्रायव्हर बसवून बीसीडीएडिटने सेफबूटची किंमत 'मिनिमल' करा, मशीन बंद करा, कंट्रोलर बदला, सुरू करा. सेफ मोडमध्ये विंडोज स्टोरेजचे ड्रायव्हर उदारपणे उठवतं आणि नव्या कंट्रोलरशी ओळख होऊन जाते. मग सेफबूटची नोंद काढून टाका. ती काढायला विसरलात तर मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उठेल.

साटावरही उठत नसेल तर रिकव्हरीत जावं लागतं. विंडोजची आयएसओ आणि व्हर्टआयओची आयएसओ, दोन्ही जोडा. रिकव्हरीला डिस्कच दिसली नाही तर ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलवर डीआरव्हीलोड चालवा. पण हे लक्षात घ्या: डीआरव्हीलोडने रिकव्हरीला डिस्क दिसते, आतल्या विंडोजला नव्हे. त्यासाठी डीआयएसएम वापरून तोच ड्रायव्हर ऑफलाइन विंडोजमध्ये 'ॲड-ड्रायव्हर'ने घालावा लागतो. फोल्डर निवडताना विंडोजच्या आवृत्तीचं आणि एएमडी६४ असलेलं निवडा.

काही वेळा ड्रायव्हर आत असतो, पण झोपलेला. साटासाठी स्टोरएएचसीआय, एनव्हीएमईसाठी स्टोरएनव्हीएमई हे विंडोजचेच ड्रायव्हर आहेत. रिकव्हरीतून रजिस्ट्रीची सिस्टिम फाइल लोड करा, कंट्रोलसेट००१ मधल्या सर्व्हिसेसमध्ये त्या ड्रायव्हरची 'स्टार्ट' किंमत ० करा. विंडोज ८ पासून त्याच जागी 'स्टार्टओव्हरराइड' नावाची उपचावीही असू शकते. ती तशीच राहिली तर वरचं ० व्यर्थ जातं, म्हणून तिच्यातली किंमतही ० करा किंवा ती काढून टाका. कधीच न बसवलेल्या व्हर्टआयओ ड्रायव्हरला मात्र ही रजिस्ट्रीची मात्रा लागू पडत नाही, तिथे डीआयएसएमच.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) असेल तर आणखी एक दार. त्याची किल्ली व्हर्च्युअल टीपीएममध्ये बंद असते आणि टीपीएम सोबत आलेलं नसतं, त्यामुळे मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी ही पोस्ट इथेच संपते. म्हणून हलवण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करायचा. तसंच फास्ट स्टार्टअप बंद करून विंडोज पूर्ण शटडाउन करायचं, नाहीतर एनटीएफएस ही विंडोजची फाइलसिस्टिम अर्धवट झोपेत राहते आणि रूपांतर करणारी व्हर्ट-व्ही२व्हीसारखी साधनं त्यावर लिहायला नकार देतात. आणि व्हीएमवेअर टूल्सही जुन्या घरातच काढा. व्हीएमवेअरच्या बाहेर आल्यावर त्यांचा अनइन्स्टॉलर चालायलाच तयार होत नाही.

लिनक्स: कर्नल उठतो, डिस्क सापडत नाही

कारण जवळपास तेच. रेड हॅटच्या कुळात ड्रॅकट इनिटरॅमएफएस बनवताना 'होस्टओन्ली' पद्धत वापरतं, म्हणजे या घडीला या मशीनवर जे हार्डवेअर आहे तेवढ्याचेच ड्रायव्हर आत घेतं. व्हीएमवेअरवर बनलेल्या इनिटरॅमएफएसमध्ये व्हर्टआयओ असेलच असं नाही. मग 'ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट'च्या ओळींवर ओळी येतात आणि शेवटी शेल. डेबियन आणि उबुंटू सहसा 'मोस्ट' पद्धतीने सगळेच सामान्य ड्रायव्हर आत घेतात, म्हणून ते इथे फारसे अडत नाहीत, कोणी ती सेटिंग 'डेप' करून ठेवली नसेल तर.

आयएसओ शोधण्याआधी ग्रबच्या मेनूत तळाशी असलेली 'रेस्क्यू' नोंद वापरून पाहा. तिचं इनिटरॅमएफएस होस्टओन्ली नसतं, त्यामुळे त्याला नवी डिस्क सहसा दिसते. बऱ्याच जणांना ही नोंद कशासाठी आहे तेच ठाऊक नसतं. एक अडचण येऊ शकते: ती नोंद इन्स्टॉलच्या दिवशीच्या जुन्या कर्नलची असते आणि त्याची मॉड्यूल्स अपडेटमध्ये पुसली गेलेली असतात. मग फॅट३२ वाचता न आल्याने ईएफआय पार्टिशन माउंट होत नाही आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं. घाबरू नका, रूट मिळाली आहे तेवढं पुरे. तिथूनच ड्रॅकटला 'फोर्स' आणि 'रिजनरेट-ऑल' पर्याय देऊन चालवा, 'ॲड-ड्रायव्हर्स'मध्ये व्हर्टआयओ-ब्लॉक, व्हर्टआयओ-स्कझी आणि व्हर्टआयओ-पीसीआय द्या. हायपर-व्हीकडे जाताना एचव्ही-व्हीएमबस आणि एचव्ही-स्टोरव्हीएससी.

रेस्क्यू आयएसओवरून क्रूट करून (डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरून) हे करत असाल तर डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चारही फोल्डरं आधी आत बाइंड करा. आणि ड्रॅकट नुसतं 'फोर्स' देऊन चालवू नका. तेव्हा ते आयएसओच्या कर्नलची आवृत्ती धरतं आणि तुमच्या कर्नलचं इनिटरॅमएफएस होतं तसंच राहतं. एक तर आवृत्ती स्पष्ट द्या, नाहीतर रिजनरेट-ऑल. आयएसओ शक्यतो त्याच आवृत्तीची किंवा नवी घ्या. जुन्या आयएसओला नव्या एक्सएफएसची वैशिष्ट्यं कळत नाहीत, माउंट नाकारलं जातं आणि उगाच फाइलसिस्टिम बिघडल्याचा संशय येतो. त्या संशयापोटी एक्सएफएस-रिपेअरला लॉग फेकून देण्याचा पर्याय देणाऱ्यांनी एक क्षण थांबावं. लॉगमध्ये शेवटचे बदल असतात, ते कायमचे जातात. चालू मशीनचा बॅकअप वीज गेल्यासारख्या अवस्थेतला असतो, आणि साधं माउंट करताच लॉग आपोआप लागू होतो.

यूईएफआय आणि सिक्युअर बूट असलेल्या रेड हॅट कुळात ग्रब२-इन्स्टॉल चालवू नका. तिथे ग्रबचं ईएफआय पॅकेज आणि शिम पुन्हा इन्स्टॉल करणं हाच योग्य मार्ग, म्हणजे स्वाक्षरी असलेल्या फाइली परत येतात.

रूट मिळाल्यावरही 'मेंटेनन्स' प्रॉम्प्ट आला तर एफएसटॅब (काय काय माउंट करायचं त्याची यादी असलेली फाइल) उघडा. व्हर्टआयओ ब्लॉकवर एसडीए हे नाव व्हीडीए होतं, म्हणून डिव्हाइसच्या नावाने लिहिलेली ओळ मरते. यूयूआयडीने लिहिलेली जगते, पण नवी फाइलसिस्टिम बनवून त्यात फाइली रिस्टोअर केल्या असतील तर यूयूआयडीही नवा असतो. बीएलकेआयडी कमांडने मिळणाऱ्या यूयूआयडींच्या यादीशी ओळ न् ओळ ताडून बघा, स्वॅपचीसुद्धा. सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा उठवणारा प्रोग्राम) अशा हरवलेल्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहून मग हात टेकतं. बूटसाठी गरजेच्या नसलेल्या माउंटला 'नोफेल' द्या, विशेषतः नव्या नेटवर्कमधून न पोचणाऱ्या एनएफएसला (नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमला). रेड हॅट ९ मध्ये आणखी एक लपलेली जागा आहे: एलव्हीएमच्या फोल्डरातली 'सिस्टिम डॉट डिव्हाइसेस' फाइल. कुठल्या डिस्क वापरायच्या याची यादी तिच्यात ओळख क्रमांकांसह असते, कंट्रोलर बदलला की ते क्रमांक जुळेनासे होतात आणि डेटाचा व्हॉल्यूम ग्रुप गायब झाल्यासारखा वाटतो. व्हीजीइम्पोर्टडिव्हाइसेस चालवलं की यादी नव्याने भरते.

'रूट अकाउंट इज लॉक्ड' म्हणून शेलही मिळत नसेल, तर ग्रबमध्ये ई दाबून कर्नलच्या ओळीला 'इनिट' म्हणून थेट बॅश द्या, रूट रीड-राइट माउंट करा आणि ओळ सुधारा. तशाच शेलमधून पासवर्ड बदललात तर एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेसाठी रूटवर 'डॉट ऑटोरीलेबल' फाइल ठेवायला विसरू नका.

सीपीयू

हे क्वचित घडतं, पण घडलं की कोणी सीपीयूकडे बोट दाखवत नाही. कर्नल पॅनिक, 'अटेम्प्टेड टू किल इनिट'. त्याच्या जरा वर जीलिबसी या मूळ लायब्ररीची ओळ असते: सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ (सूचनांच्या या पातळी) ला पाठिंबा देत नाही. रेड हॅट ९ आणि त्याचं कूळ व्ही२ मागतं, १० तर व्ही३. क्यूएमयूचा केव्हीएम६४ हा जुना सर्वसाधारण सीपीयू त्यात बसत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये ८ च्या आधी नव्या व्हीएमला तोच मिळायचा. सीपीयूचा प्रकार 'होस्ट' करा किंवा, ९ साठी, व्ही२-एईएस निवडा, मशीन सरळ उठेल. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीलाही एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना लागतात, तिथेही उपाय हाच.

बूट झालं, पण उत्तर देत नाही

पिंग नाही, एसएसएच नाही, म्हणून 'बूट होत नाही' अशी तक्रार येते. कन्सोल उघडला तर लॉगिन प्रॉम्प्ट शांतपणे उभा. नेटवर्क कार्ड बदललं, ईएनएस१९२ चं ईएनएस१८ झालं, आणि आयपीची सेटिंग जुन्या नावाला चिकटून राहिली. विंडोजमध्ये जुनं कार्ड अदृश्य रूपात आयपी धरून बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून ते काढा.

पुन्हा पुन्हा का घडतं

कारण दुरुस्ती आपण प्रतीवर करतो, मूळ मशीन तसंच राहतं. उद्या त्याच मशीनचा कालचा बॅकअप रिस्टोअर केला की सगळं पहिल्यापासून. हलवायच्या मशीनवर, ती अजून जुन्या जागी चालू असतानाच, व्हर्टआयओचे ड्रायव्हर बसवून ठेवा. लिनक्सवर ड्रॅकटच्या कॉन्फिग फोल्डरात एक छोटी फाइल करून ॲड-ड्रायव्हर्सची ओळ लिहा, म्हणजे मधे कर्नल अपडेट झाला तरी नवं इनिटरॅमएफएस ते ड्रायव्हर घेऊनच बनेल. त्या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत, यादीच्या आधी आणि नंतर, एकेक मोकळी जागा सोडा. ती नसेल तर दुसऱ्या फाइलमधलं नाव याला चिकटतं आणि दोन्ही ड्रायव्हर गायब होतात. मी ही जागा एकदा विसरलो होतो, आणि सहा मशीन एका ओळीत ड्रॅकटच्या शेलमध्ये जाऊन बसली.

मग बॅकअपसोबत एक साधी मजकूर फाइल ठेवा: फर्मवेअरचा प्रकार, मशीन टाइप, कंट्रोलर, डिस्कचा क्रम, सीपीयूचा प्रकार, टीपीएम आहे की नाही, मॅक ॲड्रेस, बिटलॉकरची की कुठे ठेवली आहे. माझ्याकडे ती आठ ओळींची आहे. डेटाबेस सर्व्हरच्या त्या रात्री तिची पहिली ओळ हाताशी असती, तर ग्रब एकदाही बसवावा लागला नसता.